मामाचा डावा डोळा

माझा डावा डोळा स्वतःच्या मनानं मिटायला लागला, तेव्हा मी क्रांती चौकाजवळच्या माझ्या चष्म्याच्या दुकानात एका बाईंना फ्रेम दाखवत होतो. "ही तुम्हाला शोभून दिसेल," असं म्हणालो आणि डोळा मारला. म्हणजे मी नाही मारला, त्यानं मारला. बाई फ्रेम ठेवून तरातरा निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे मिस्टर आले. माझ्याकडे बराच वेळ रोखून बघत राहिले. मी त्यांनाही डोळा मारला, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

चष्मे विकणाऱ्याचाच डोळा असा फडफडत असेल, तर गिऱ्हाइकानं काय समजावं? काहींना वाटे, मालक गुपचूप भाव कमी करायला तयार आहे. मग ते काउंटरवर वाकून कुजबुजत. वैतागून मी दुकानातलाच एक गॉगल लावून बसलो, तर शेजारचा मोबाइलवाला म्हणाला, "डोळे आल्यात का?" आणि लांब सरकून उभा राहिला.

बायकोनं घरचे इलाज सुरू केले. गवताची काडी ओली करून पापणीवर चिकटवली. डोळा लवला आणि काडी माझ्या चहात पडली. कुणीतरी चहाच सोडायला सांगितला. तो मी एक सकाळ सोडला. डोळा तसाच, वर डोकं उठलं. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, पापणीचे स्नायू आपोआप आवळतायत, बारीक इंजेक्शन दिलं की काही महिने आराम पडेल. "नट्या सुरकुत्या घालवायला घेतात तेच ना?" बायकोनं विचारलं. तेच, असं कळल्यावर तिला काळजी पडली. "दोन्हीकडं द्या डॉक्टर. नाहीतर हे अर्धेच तरुण दिसतील."

इंजेक्शनची तारीख मिळाली, पण त्याआधी भाचीच्या सोयरिकीची बैठक आली.

या बैठकीतली खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. भाची आणि तो पैठणचा मुलगा एकाच कंपनीत कामाला होते आणि दोघांनी आपसात केव्हाच ठरवून टाकलं होतं. मुलाला नवा चष्मा करायचाय असं निमित्त काढून भाचीनं त्याला माझ्या दुकानात आणलं होतं. मला पोरगा आवडला. पण त्याचे वडील जुन्या वळणाचे. पोरांनी परस्पर जमवलंय असा नुसता वास आला असता, तरी ते उठून गेले असते. म्हणून स्थळ मध्यस्थामार्फत आलंय, असं सगळं नीट रचलेलं होतं. भाचीनं मला हात जोडून सांगितलं, "मामा, तेवढा चेहरा सरळ ठेव." मला फार वाईट वाटलं, कारण तेवढंच मला जमण्यासारखं नव्हतं. गॉगलवर बहिणीनं आधीच बंदी घातली होती.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि वडिलांची थोरली बहीण. त्या घरात या आत्याचा शब्द शेवटचा, हे ती दारातून आत येतानाच कळलं. चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. वडिलांनी भाचीला विचारलं, "आमच्या पोराला आधी कुठं बघितलंय का, बाई?"

"नाही," भाची म्हणाली.

आणि माझा डोळा गच्च मिटला. उघडला. पुन्हा मिटला.

वडील म्हणाले, "मामा, डोळा कुणाला मारताय?"

"मारत नाही हो. लवतोय."

"कोणता?" आत्यानं विचारलं.

पुरुषाचा उजवा लवला तर शुभ आणि डावा लवला तर कामाचा विचका, बाईमाणसाचं बरोबर उलटं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी काही सांगायच्या आत समोर बसलेल्या आत्यानं आपला उजवा हात उचलला, माझ्या तोंडाच्या रोखानं धरला आणि निकाल दिला. "ह्या हाताला हाय. म्हंजी उजवाच. लई चांगला शकुन हाय."

माझ्या बायकोला चूक दिसली की राहवत नाही. ती तोंड उघडणार, तेवढ्यात भाचीनं तिच्या हातात सुशीलाची दुसरी ताटली कोंबली. सोयरीक तिथंच पक्की झाली.

निघताना आत्यानं मला बजावलं, "लगीन लागूस्तोवर दवापाणी करू नका. शकुन मोडतो." झालं. मी इंजेक्शनची तारीख पुढं ढकलली आणि अख्ख्या शहराला डोळे मारत हिंडलो.

लग्नाच्या दिवशी मी भाचीच्या मागं उभा राहिलो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि नेमका तेव्हाच डोळा गप्प बसला. आत्या माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "मामा, आज लवत नाय व्हय?"

मी घाबरलो. आता ऐन वेळी शकुन हुकला म्हणून ही काही बोलली तर? मी ठरवून एक डोळा मारला. ठरवून मला पहिल्यापासून उजवाच मारता येतो.

आत्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "आज उजवा व्हय? त्या दिवशी तर डावा व्हता."

मी तिच्या कानाशी वाकलो. "मग तुम्ही उजवा का म्हणालात?"

"पोरगं नवा चष्मा घालून सारखं आरशात बघायचं," ती हळूच म्हणाली. "डबीवर तुमच्या दुकानाचं नाव हाय. मला वाचता येतं."

तिनं माझ्या मुठीत अक्षता दिल्या, भावाकडे एकदा बघून घेतलं आणि मग मला डोळा मारला. डावा.