नानांच्या रिक्षातली नोंद

जुईनगर स्टेशनबाहेर रिक्षा लावणारे नाना लाल सिग्नलला थांबत. लिहायला गोष्ट साधी आहे, पण रिक्षावाल्याबद्दल लिहिली की अफवा वाटते. भर दुपारी रस्ता मोकळा असला तरी ते थांबत आणि मागच्यांनी केलेला सात पिढ्यांचा उद्धार शांतपणे ऐकून घेत. नाना इथल्याच खाडीकाठच्या गावचे. शहर आलं तेव्हा त्यांचे भाऊबंद इमारतींचे मालक झाले आणि नानांनी रिक्षाचं परमिट काढलं. गावात त्यांना कोणी हुशार म्हणत नसे.

त्यांच्या या शिस्तीचा मला राग यायचा. एरवी माझी दोन मिनिटं जायची, एवढंच. पण सायलीला, माझ्या बायकोला, दोन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या तेव्हा नानांशिवाय दुसरी रिक्षा स्टँडवर नव्हती. पहिलं बाळंतपण म्हणून ती दुसऱ्याच दिवशी माहेरी, चिपळूणला निघणार होती. बॅगा भरलेल्या तशाच राहिल्या. मागे सायली आणि माझी आई बसल्या. मी पुढे नानांच्या बाजूला बसायला गेलो, तर पुढची सीट फक्त ड्रायव्हरची, असं मला त्या अवस्थेतही समजावून सांगण्यात आलं. मी मागे अंग चोरून बसलो.

वाशीच्या नर्सिंग होमपर्यंत पोहोचणं नशिबात नव्हतं. सानपाड्याचा सिग्नल जेमतेम दिसायला लागला आणि माझी मुलगी माझ्या आईच्या हातात आली, रडली. मी ओरडलो, नाना, पळवा. समोर लाल दिवा होता. नाना थांबले.

"दादा, सिग्नल हाय," ते म्हणाले, "आनि पोर रडतंय म्हंजे ठीक हाय."

पोर खरोखरच ठीक होती. बिघडलं ते पुढे, कागदावर. नर्सिंग होमने लिहून दिलं की प्रसूती बाहेर झाली, त्यामुळे जन्माची नोंद आमच्याकडून होणार नाही. मी वॉर्ड ऑफिसात गेलो. खिडकीवरचे कारकून सज्जन होते, म्हणजे त्यांनी मान वर करून पाहिलं. त्यांच्या माहितीप्रमाणे मूल दवाखान्यात होतं किंवा घरी होतं. रिक्षात झालेल्या मुलाचं काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. नोंद एकवीस दिवसांत करायची, मग उशिराची फी, त्याहून उशीर झाला तर प्रतिज्ञापत्र आणि वरच्या साहेबांची परवानगी, हे मात्र त्यांना तोंडपाठ होतं. शेवटी त्यांनीच आवाज उतरवून तोडगा सुचवला. घरी झाली असं लिहा, एक साक्षीदार आणा, दोन मिनिटांचं काम.

मी लगेच तयार झालो. आईही तयार झाली. साक्षीदार म्हणून सतराव्या दिवशी मी नानांना घेऊन गेलो. कारकुनांनी फॉर्म पुढे सरकवला. नानांनी चष्मा लावून तो वाचला आणि परत सरकवला.

"पोर माजे रिक्षान जाली. घरान जाली असा मी कसा सांगू?"

मी समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. म्हटलं, माझ्या मुलीचा दाखला अडकलाय आणि तुम्हाला तुमचा खरेपणा मिरवायचाय. नानांचं ऐकल्यावर कारकुनांनीही तो फॉर्म घ्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या वेळी खाकी शर्ट, वर बॅज, अशा थाटात नाना बाकावर येऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. धंदा बुडत होता, पण ज्याला त्याला ते सांगत, पोरीची नोंद करायला आलोय. लोकांना ते आजोबा वाटले.

विसाव्या दिवशी, बहुधा या बाकावरच्या बॅजला कंटाळूनच, मोठ्या साहेबांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढायला लावलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. चालत्या वाहनात जन्म झाला, तर खबर वाहन चालवणाऱ्याने द्यायची आणि वाहन पहिल्यांदा थांबलं ते जन्माचं ठिकाण धरायचं. म्हणजे सगळ्या ऑफिसला हवा असलेला माणूस तीन दिवस त्यांच्याच बाकावर बसलेला होता. रिक्षा पहिल्यांदा कुठे थांबली, हेही बहुधा साऱ्या नवी मुंबईत एकाच रिक्षावाल्याला छातीठोकपणे सांगता आलं असतं. नानांनी सही करायच्या आधी बाहेर जाऊन हात धुतले.

दाखला आला तेव्हा पेढे घेऊन मी स्टँडवर गेलो. नानांनी कागद नीट वाचला, उलटूनही पाहिला.

"माजा नाव कुठं हाय?"

दाखल्यावर आईवडिलांचंच नाव असतं, खबर देणाऱ्याचं ऑफिसातल्या फॉर्मवर राहतं, असं मी सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती.

"हापिसान हाय ना? मंग बास," म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला.

नाना वारले त्याला आता दोन वर्षं झाली. मुलीचं बारसं झालं तरी नाव दाखल्यावर चढवायचं आमच्या आळसाने राहून गेलं होतं. शाळेने मागितलं म्हणून परवा तिला घेऊनच त्या ऑफिसात गेलो. कारकुनांनी जुना फॉर्म काढला. खाली नानांची सही होती, एकेक अक्षर सुटं, सावकाश काढलेलं. मी मुलीला उचलून ती सही दाखवली आणि म्हटलं, तुझ्या जन्माबद्दल आम्ही सगळे खोटं बोलायला निघालो होतो, बाळा. खरं सांगणारे हे एकटेच होते.