भाऊसाहेबांचे शिक्के

कॉलेजात सॉफ्टवेअर आर्किटेक्चरच्या पहिल्या तासाला मी सांगते, की प्रोग्राम वाढत वाढत आवरेनासे झाले, तेव्हा परदेशातल्या काही अभ्यासकांनी त्यांचे भाग कसे पाडायचे याचा विचार सुरू केला. जे पुढे बदलणार, ते एका जागी ठेवायचं. तिथून हा विषय उभा राहिला. मला मात्र तो पुस्तकाआधी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या एका शाळेत भेटला.

तिथे मी शाळा सोडल्याचे दाखले छापायचा प्रोग्राम करत होते. नवखी होते आणि तोऱ्यातही. शाळा, जिल्हा, मुख्याध्यापक, सगळी नावं नमुन्यातच घालून मोकळी झाले. हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी तो कागद पाहिला आणि टेबलावर दोन शिक्के मांडले, एक शाळेचा, एक मुख्याध्यापकांच्या नावाचा.

"बाई, सायेब बदलत्यात, शाळा न्हाई. म्हनून शिक्के येगळे. आन् पोराचं जन्मस्थळ रजिस्टरात हाय तसंच उतरायचं. त्याला हात लावायचा न्हाई."

मला रागच आला. तरी सगळं मोडून, प्रत्येक नाव वेगळ्या जागी ठेवून पुन्हा लिहिलं. आठवड्याचं काम महिन्यावर गेलं आणि 'या बाई फार हळू' अशी शाळेच्या संस्थेत कुजबुज झाली.

पुढे जिल्ह्याचं नाव बदललं. दुसऱ्या एका शाळेत कुणीतरी कॉम्प्युटरवर जुनं नाव सरसकट बदलून टाकलं, त्यात मुलांची जन्मस्थळंही बदलली. दाखला रजिस्टरशी जुळेना, ऐन प्रवेशाच्या दिवसांत पालकांना हेलपाटे पडले. मग बेलापूरहूनही फोन आला. कित्येक वर्षांत मी तो प्रोग्राम उघडलाही नव्हता.

गेले. जिल्ह्याचं नाव एकाच जागी होतं, ते बदललं आणि एक दाखला छापून पाहिला. वर अहिल्यानगर, जन्मस्थळापुढे रजिस्टरातलं अहमदनगर. नवा क्लार्क म्हणाला, "एवढंच?" एवढंच. मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटला, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिथून निवृत्त भाऊसाहेबांच्या घरी गेले. म्हटलं, "तुमचं म्हणणं आता कॉलेजात शिकवतात. मीच शिकवते."

"माझ्यापायी तवा तुमचं नाव खराब झालं, बाई. ते लई दिवस मनाला लागून हुतं."

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "माझं नाव झालं ते त्याच कामानं."