लख्ख काचेमागचा जनरल

जर्मनीतल्या एका युद्धसंग्रहालयात एक बाई तोफखान्याच्या जनरलच्या तसबिरीची काच पुसत होती. खाली त्याची कारकीर्द लिहिलेली: पहिल्या महायुद्धात लेफ्टनंट, दुसऱ्यात जनरल, पदकं, म्हातारपणी घरी मृत्यू. त्याच्या तोफगोळ्यांखाली गेलेल्या एकाही गावाचं नाव नाही. काच इतकी लख्ख कशाला हवी, म्हणून माझं डोकं तडकलं.

भारतीय सैन्याच्या तोफखान्यात मीही होतो. या जनरलच्या माऱ्याची अचूकता मी वर्षानुवर्षं तरुण अधिकाऱ्यांना शिकवली. लक्ष्य म्हणून फळ्यावर चौकोन काढायचो. त्या चौकोनात गाव होतं, घरांत माणसं होती. मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.

“बाबा, हाच ना तुमचा लाडका जनरल?” मुलगी हसत म्हणाली. “शेजारी उभे राहा, फोटो काढते.”

“नको,” मी म्हणालो. “फार वर्षं उभा होतो.”