नेलिदाची रविवारची ड्युटी

नोटांच्या छापखान्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या नेलिदा बारिएन्तोसला बुएनोस आइरेसच्या त्या गल्लीत पंचांगाचा मान होता. ती रविवारी निळा एप्रन घालून बाहेर पडली, की सरकारला खर्चाला पैसे कमी पडलेत हे सगळ्यांना कळायचं. रेडिओवर मंत्री भाव स्थिर असल्याच्या थापा मारत असायचा आणि समोरचा खाटीक रुफिनो पाटीवर मांसाचा भाव वाढवत असायचा. जणू महागाई तिनेच डब्यातून आणली होती. नेलिदाचं डोकं फिरायचं.

पगार हातात पडला, की ती धावत जाऊन विटा घ्यायची. नोटा आटतात, विटा आटत नाहीत. निवृत्तीची रक्कम आली, की स्वयंपाकघरात झोपणाऱ्या म्हाताऱ्या आईला एक खोली बांधायची, एवढीच तिची आस होती.

एकोणनव्वद साली निवृत्तीला महिना उरला असताना साहेबांनी बोलावलं. तिजोरीत खडखडाट होता. नवी छपाई झाली की त्यातूनच तिची रक्कम मिळणार, तीन महिन्यांनी. निवृत्तीपर्यंत दर रविवारीही यायचं.

"म्हणजे माझे पैसे मीच छापायचे," नेलिदा म्हणाली, "आणि छापता छापता मातीमोल करायचे."

"बँकेने व्याज वाढवलंय, बाई. भाव उतरतील."

"ते व्याज देणार कशातून? याच यंत्रातून ना? एकाने नळ आवळायचा आणि दुसऱ्याने टाकी फोडायची. मला शिकवू नका साहेब, शाई माझ्या नखांत आहे."

रविवारी येणार नाही असं बजावून ती निघाली.

त्या रविवारी ती मुद्दाम दारात खुर्ची टाकून माते, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, पीत बसली. रुफिनोने तिला पाहिलं आणि खडू खिशात ठेवला. तिला फार बरं वाटलं. पण दुपारी त्याची बायको रस्ता ओलांडून आली.

"बाई, तुमच्या जागी दोघी घेतल्यात म्हणे. कोपऱ्यावरची मिर्ता आत्ताच गेली."

तिच्या मागे, रस्त्यापलीकडे, रुफिनो नवा भाव लिहायला पाटी पुसत होता.

रक्कम ऑगस्टमध्ये मिळाली, करकरीत नव्या नोटांत. तेवढ्या पैशांत दाराची एक लाकडी चौकट आली. नेलिदाने ती विटांच्या ढिगाला टेकवली. आई काठी टेकत अंगणात आली, चौकटीवरून हात फिरवत राहिली.

"दार कुठाय गं?" तिने विचारलं.

"सरकारने खाल्लं," नेलिदा म्हणाली.