वाटीतली चिठ्ठी

ज्याला आमच्या आतोबांनी निदान दोन इंग्रजी शब्द शिकवले नाहीत असा एकही माणूस देवासात नसेल, आणि त्या शब्दांचा ज्याला काही उपयोग झाला असाही एकही नसेल. आत्याचे हे यजमान शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, ते फक्त कागदोपत्री. दिसायला जुळे आणि अर्थाने वैरी असे आडवाटेचे शब्द पकडून आणणं हा त्यांचा खरा उद्योग. माझ्या हातच्या चहाचा घोट घेऊन ते म्हणत, "टर्बिड म्हणजे गढूळ, टर्जिड म्हणजे फुगलेला. चहा पहिल्यातला, तुझे गाल आता दुसऱ्यातले." एकदा एका कचेरीत उशिराबद्दल साहेबाने माफी मागितली, तर यांनी त्याला भर गर्दीत धीर दिला, "वीनिअल याने क्षम्य, वीनल याने रिश्वतखोर. आपका पहला वाला है, दूसरा नहीं." त्यानंतर तीन महिने यांचा कागद टेबलावरून हलला नाही.

पण आत्याच्या डोक्यावरून पाणी गेलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवात. ती वाण म्हणून स्टीलची वाटी देई आणि आतोबा प्रत्येक वाटीत अशा एका शब्दजोडीची चिठ्ठी टाकत. पुढच्या वर्षी बाई दारात आली की आधी त्या जोडीचे अर्थ, मग तिळगूळ. बायका यामुळेच कमी होत चालल्यात, असं आत्याने मनाशी धरलं. सासूबाईंपासून चालत आलेलं हळदीकुंकू आपल्या हातून बंद पडणार, या भीतीने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. यंदा तिने त्यांना त्या दिवसापुरतं माझ्याकडे धारला धाडलं. "बायका वाण घ्यायला येतात हो, परीक्षा द्यायला नाही!"

दिवसभरात आतोबांनी शब्दांची एकही जोडी काढली नाही. माझ्या चहालाही नावं ठेवली नाहीत, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. संध्याकाळी आत्याचा फोन आला. "अरे, वाट्या तशाच पडल्यात! शेजारची सून म्हणते, 'मौसी, पर्ची के बिना कैसा वाण? सालभर रट के आई हूँ, अब सुनाऊँ किसको?' सगळ्याजणी उद्या पुन्हा येतो म्हणाल्या. सकाळच्या गाडीत बसव त्यांना." मग म्हणाली, "आणि म्हणावं, एक चिठ्ठी माझीही लिहा. इतक्या वर्षांत मला कधी दिली नाही."

सकाळी आतोबा बसच्या खिडकीशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसले. बायकांच्या सगळ्या लिहून झाल्या होत्या, आत्याची तेवढी कोरी होती. मी चिडवलं, "आयुष्यभर जोड्या जमवल्यात, आणि घरच्यासाठी एक सापडेना?"

त्यांनी चष्मा पुसला. "जोडी लावायला सारखं दिसणारं दुसरं लागतं ना रे. तिच्यासारखं दुसरं मला काही दिसलंच नाही कधी."

ती चिठ्ठी त्यांनी वाटीत कोरीच टाकली म्हणे. आत्याने ती कुंकवाच्या करंड्याखाली जपून ठेवली आहे. अर्थ मात्र तिने विचारला नाही.