खैरूनखालाचा पाट

खैरूनखाला गेल्याचं कार्ड जळगावला आलं तेव्हा मी सुईत दोरा ओवत होते. धुळ्याहून तिच्या मुलीनं लिहिलेल्या दोनच ओळी. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून पोस्टमन कार्ड माझ्याच हातात देतो. वाचलं, आणि दोरा ओवायचा राहूनच गेला. तिच्या चाळिसाव्या दिवसाला धुळ्याला जाऊन आले, त्यालाही आता महिना होत आला. चार बायका जमल्या की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तिथंही मी नुसती बसून होते. खालाबद्दल जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं, म्हणून लिहिते आहे.

माझं माहेर असोद्याचं. बाप कापूस पिंजायचा, आई केळीच्या बागेत कामाला जायची. आमच्या पिंजारी घरांत बोली गावाचीच आणि डोक्यावरून पदर हाच पडदा. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन मी धुळ्याला आले. निकाहच्या वेळी मुलीच्या बाजूचा वकील आणि साक्षीदार दाराशी येऊन विचारतात, मुलगी राजी आहे का. मी मान खाली घातली होती. शेजारची फुफू म्हणाली, "गप्प आहे म्हणजे राजी आहे," आणि झालं. आमच्यात असंच धरतात. मी राजी नव्हते असं नाही... पण मला बोलावं लागलं नाही, हेही खरंच.

सासरी आठ दिवस झाले नाहीत तोच अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, काळं पॉपलिन घेऊन मला खैरूनखालाकडे घेऊन गेल्या. शहरातली सून उघड्या तोंडानं फिरली तर लोक काय म्हणतील, ही त्यांची काळजी. खाला, म्हणजे सगळ्यांची मावशी, विधवा. मोहल्ल्यातले सगळे बुरखे तीच शिवायची. दाराजवळ मशीन आणि मशीनपुढे बुटक्या पायांचा एक लाकडी पाट. जिचा बुरखा तिनं पाटावर उभं राहायचं, मगच माप. मी उभी राहिले. खालानं टेप गळ्यात घातली, पण माप घेईना. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले बुरखा जोयजे का व माय?"

हवा की नको, एवढंच तर विचारलं होतं. मी पदर पुढे ओढला.

"ती काय सांगणार?" अम्मा म्हणाल्या. "निकाहलाही गप्पच होती."

"निकाहला काझीसाहेबांनी धरलं असेल. माझ्या पाटावर गप्प म्हणजे गप्प."

"बुरखे शिवून पोट भरतेस आणि गिऱ्हाईक परत पाठवतेस?"

"परत कुठं पाठवते, भाभी? कापड राहू दे फळीवर. पोरीला दुपारची पाठवत जा, मला बटणं लावायला कोणी नाही."

गल्लीच्या तोंडाशी दुसरा शिंपी होता. पण तो पुरुष, त्याच्यापुढे सुनेला मापाला उभं कसं करणार? अम्मा अशा अडकल्या. मी रोज दुपारी खालाकडे जाऊ लागले. हातशिलाई शिकले, मग मशीन. बुरख्याच्या डोळ्यांपुढची जाळी ती हातानं विणायची. झाली की स्वतःच्या डोक्यावर घेऊन आतून सुईत दोरा ओवायची. ओवला गेला तर जाळी पास, नाहीतर उसवायची. "दिसलं तर पाहिजे ना, असोदेवाली," म्हणायची. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही.

ती स्वतः बुरखा घालायची. मला त्याचं कोडं पडायचं. एकदा धीर करून विचारलं. म्हणाली, पहिला सासूनं घातला. नवरा गेल्यावर तो काढला, पाच-सहा वर्षं नुसत्या डोक्यावरच्या पदरानं बाजार केला. मग एक दिवस आपल्या हातानं शिवला. "काढला तेव्हा सगळे मला समजवायला आले. घातला तेव्हा तेच शाबासकी द्यायला आले. दोन्ही वेळा मी दार लावून घेतलं." आणि अशी हसली की मशीनवरचं कापड घसरलं.

अम्मा मला पुन्हा घेऊन गेल्या, मी पुन्हा गप्प. तिसऱ्या वेळी खालानं विचारलं आणि मी म्हणाले, "नको, खाला... आत्ता नको." आवाज माझाच होता का, मलाच कळेना. खालानं कापडाची घडी घातली आणि अम्मांच्या हातात दिली. शाबास म्हणाली नाही. अम्मा मात्र दीड महिना माझ्याशी बोलल्या नाहीत, नणंदेच्या घरच्या लग्नालाही नेलं नाही. "आईशी कशाला वाकडं घेतलंस?" एवढंच हे म्हणाले. मी चुलीपाशी रडले. पण शब्द मागे घेतला नाही.

दोन वर्षांनी ह्यांना जळगावच्या जिनिंगमध्ये काम मिळालं. निघायच्या आठ दिवस आधी तेच पॉपलिन घेऊन मी एकटीच खालाकडे गेले आणि पाटावर उभी राहिले.

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. नव्या गावात, अनोळखी माणसांत मला झाकून चालावंसं वाटतं. नकोसं झालं तर काढीन."

"मग सरळ उभी राहा, खांदा पाडू नको."

तिनं तो बुरखा इतका मन लावून शिवला! अम्मा सगळ्यांना सांगत सुटल्या, शेवटी सुनेनं माझंच ऐकलं. ते मला फार लागलं. खालाला सांगितलं तर म्हणाली, "सांगू दे. तुले माहीत शे ना?" आजही बाजारात जाताना मी तो घालते. असोद्याला जाताना खुंटीवर ठेवून जाते.

चाळिसाव्याला खालाच्या मुलीनं विचारलं, आईची आठवण म्हणून काय नेतेस? मी पाट मागितला. "अगं, त्याचा एक पाय हलतो," ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात अम्मा धाकट्या दिराच्या नव्या नवरीला, सकीनाला, घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. पिशवीत काळं कापड. मला म्हणाल्या, घरच्या घरी शिवून दे. मी पाट मांडला, सकीना उभी राहिली. टेप माझ्या गळ्यात. अम्मा समोरच बसल्या होत्या. मी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग मी विचारलं, "सकीना, तुला हवा आहे का?"

तिनं मान खाली घातली.

"मेली ती, पण तिचा पाट तू इथं आणलास!" अम्मा म्हणाल्या.

मी कापडाची घडी करून फळीवर ठेवली. आता सकीना रोज दुपारी माझ्याजवळ बसून बटणं लावते. पाटाच्या हलत्या पायाखाली मी कागदाची घडी सरकवली आहे, तो आता डुगडुगत नाही. सकीना अजून काही बोललेली नाही.