डबीवरची लोकर

"वाचते तं फडफडा. पण समजते का तिले?"

आत्याबाईंनी हे सुईणीला हळूच विचारलं. मी माजघराच्या दाराआड उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुईण बाळाच्या पाठीला तेल चोळत होती. ती म्हणाली, "मले काय मालूम, बाई. म्या तं तिचा आवाजच नाई आयकला. चार दिस मले वाटे, मुकीच हाय पोरगी."

दोघी हसल्या. खाटेवरची वहिनीही हसली असावी, कारण खाट करकरली. मी दोन पावलं मागे गेले, दाराची कडी उगाच वाजवली आणि मग आत आले.

नागपूरला मिशनच्या बोर्डिंगात सहा वर्षं काढून मी नुकतीच घरी परतले होते. आमचं गाव साखरखेर्ड्याजवळचं. आल्या दिवशी मी "मला पाणी हवंय" म्हटलं, तेव्हा अंगणात शेंगा फोडणाऱ्या बाया एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "मला म्हंते व! पुन्याची झाली का काय?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या दिवसापासून तोंडातला प्रत्येक शब्द मी आधी मनात तपासून बघू लागले. नागपुरात 'मले' म्हटलं की मुली हसत, इथे 'मला' म्हटलं की बाया. गप्प राहणं सोपं होतं. गप्प माणसाला पुष्कळ दिसतं, हेही मला तेव्हाच कळलं.

आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली विधवा बहीण. आई गेल्यापासून घर त्यांच्या हाती होतं. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे आमच्या चुलीवर कधी अंडंसुद्धा चढलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत त्या जात नसत. खोलीच्या उंबऱ्याबाहेर काळी घोंगडी टाकून बसायच्या, तिथूनच बाळाकडे बघायच्या आणि माळ ओढायच्या. सुईणीचा हात कधी चुकून घोंगडीला लागला आणि ती दचकली, तर म्हणायच्या, "राहू दे व. लोकरीले विटाळ नाही." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ते कानावरूनच जायचं.

वहिनीचं बाळ तेव्हा अठरा दिवसांचं होतं. त्याच्या आधीची मुलगी दीड महिन्याची होऊन गेली. वहिनीच्या छातीला भेगा पडल्या, अंगावर पाजणं सुटलं, मग वरच्या दुधाने मुलीचं पोट बिघडलं ते बिघडलंच. या वेळीही भेगा पडल्या होत्या. लोणी लावलं, तूप लावलं, ते लगेच पुसलं जायचं. हळदीने आग व्हायची. बाळ तोंड लावायचं तेव्हा वहिनी पदराचा बोळा दातात धरायची आणि भिंतीकडे बघायची. घरात कोणी त्या मुलीचं नाव काढत नव्हतं, पण सगळे तिच्याच विचारात होते.

दादा कामाला जालन्याला गेला होता. जालना मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंना त्याने लाजत लाजत हकिगत सांगितली आणि त्यांनी एक पत्र्याची डबी दिली. सरहद्दीच्या नाक्यावर शिपायाने ती उघडून हुंगली आणि तोंड वाकडं करून परत केली, असं दादा सांगत होता. आत पिवळट, चिकट, जाड असं काहीतरी होतं. पहिल्या दिवशी वहिनीने ते बोटाने लावलं. दुसऱ्या दिवशी तिने पदराचा बोळा केला नाही. बाळ पीत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, भिंतीकडे नाही.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला बोलावलं, ते ही डबी वाचायला. लेकराच्या तोंडात जाणारी वस्तू, ती काय आहे हे नको का कळायला? त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

डबीवर दोनच मोठे शब्द होते: वूल फॅट. वूल म्हणजे लोकर, फॅट म्हणजे चरबी. लोकरीची चरबी? लोकरीला कुठली आलीय चरबी? असं काही मी मराठीत बोलले, तर पुन्हा शेंगा फोडणाऱ्या बाया हसणार. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मनातल्या मनात लोकर गाळली, तिच्या जागी मेंढी घातली आणि म्हणाले, "मेंढीची चरबी आहे."

आत्याबाईंची माळ थांबली.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी चुलीवरचा चिमटा मागवला, डबी चिमट्यात धरून गोठ्यात नेली आणि तिथल्या कोनाड्यात ठेवली. औषध फेकू नये, म्हणून फेकली नाही एवढंच. सुईणीने वहिनीचं अंग कढत पाण्याने धुतलं. बाळाच्या ओठांना तुळशीचं पाणी लावलं. "दोन दिस लेकराच्या तोंडात काय गेलं, माय," आत्याबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला कोणी काही बोललं नाही. उलट त्या सुईणीला म्हणाल्या, "बरं झालं पोरीले वाचता येते."

चार दिवसांत भेगा पुन्हा उघडल्या. एका सकाळी बाळाच्या ओठाला रक्त दिसलं. ते त्याचं नव्हतं. आत्याबाईंनी घोंगडीवरूनच वाकून ते बघितलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून वरचं दूध. कापसाच्या वातीनं पाजू. काय करता आता?" वहिनीने बाळाला फक्त जवळ ओढलं.

त्याच दुपारी मी भाकरी पोचवणाऱ्या बाईबरोबर शेतावर गेले. घरात बसवत नव्हतं. ज्वारी निघाली होती आणि रानात खतासाठी धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या. बाभळीखाली त्यांची लोकर कातरणं चाललं होतं. धनगराची बायको कातरलेल्या लोकरीतले काटे वेचत होती. उन्हातान्हात राहणारी, वाऱ्याने चेहरा रापलेली बाई, पण तिचे हात बाळाच्या टाचेसारखे मऊ होते. मी बघतच राहिले.

"काय पाह्यतं व, माय?" ती म्हणाली. "घे, तूही वेच. काटा भरला तं मले नको सांगू."

मी लोकरीत हात घातला. कोमट होती. थोड्या वेळाने बोटं एकमेकांना चिकटू लागली. मी नाकाजवळ नेली आणि तो वास ओळखला. नाक्यावरच्या शिपायाने ज्या वासाने तोंड वाकडं केलं, तोच.

हे काय आहे, असं विचारायला मला फार वेळ लागला. ती हसली. "घाम समज मेंढीचा. हे असते म्हनून तं पानी आंगाले पोचत नाई तिच्या. नवी घोंगडी पावसात पांघर, थेंब वरूनच घरंगळते. काऊन घरंगळते? याच्यानं."

"मेंढीला... मारावं लागतं?"

"ऐका!" ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "शिकेल पोरगी इचारते, मेंढी मारा लागते का." मग कातरून मोकळ्या झालेल्या एका मेंढीकडे बोट दाखवलं. ती लाजल्यासारखी अंग चोरून उभी होती आणि कडब्याचं पान चघळत होती. "थे काय, चरून राह्यली. इचार तिले."

मी धनगरणीकडून मूठभर लोकर मागून घेतली. परतताना भाकरीवाली बाई काही काही बोलत होती, मला एक शब्द आठवत नाही. मी वाक्य जुळवत होते. आधी इंग्रजीत, मग शाळेच्या मराठीत. आत्याबाई, मला असं निवेदन करायचं आहे की. असं घरात कोण बोलतं? गाव आलं तरी वाक्य तयार झालं नव्हतं. चूक कबूल करायची म्हणजे, आल्यापासून घरात माझा जो एकच उपयोग झाला होता, तोही पुसून टाकायचा. आणि उद्या सकाळी वात भिजणार होती.

मी गोठ्यात गेले आणि कोनाड्यातून डबी उचलली, हाताने. आत्याबाई उंबऱ्याबाहेर घोंगडीवर बसल्या होत्या. आत वहिनी बाळाला घेऊन होती, सुईण शेगडी पेटवत होती. मी आत्याबाईंच्या समोर बसले. एका हातावर लोकर ठेवली, दुसऱ्या हातावर उघडी डबी. त्या मागे सरकल्या.

"हे काय आणलं तुनं? ते तिथंच राहू दे म्हटलं होतं ना."

मी लोकर त्यांच्या पुढे केली. लोकरीला विटाळ नाही, म्हणून त्यांनी ती घेतली. बोटांत चोळली, हुंगली. मी डबी पुढे केली. त्यांनी हात लावला नाही, पण वाकल्या आणि हुंगलं. मग घोंगडीचा काठ उचलून नाकाशी नेला. त्या घोंगडीवर त्यांनी वीस वर्षं माळ ओढली होती. तो वास त्यांना माझ्याहून जास्त ओळखीचा असणार.

वहिनीने मान वर केली होती.

"काय म्हन्तं, पोरी?" आत्याबाई म्हणाल्या. राग नव्हता, पण नजर माझ्यावरून हटत नव्हती. "माह्या हातावर वस्तू ठेवू नको नुसत्या. तोंडानं सांग."

माझं एकही वाक्य जुळलेलं नव्हतं. जे आलं ते आईच्या वेळच्या बोलीत आलं, आणि माझ्याच कानांना मोठं वाटलं.

"आत्याबाई, मले समजलं नव्हतं. ते चरबी नाही, ते तुमच्या या घोंगडीतलंच आहे."